पंक्चर काढले, पण गाडी का लहरते?

बार्शीचा बाजार उरकून आम्ही आणि आमची कारभारीण मोटारसायकलवर गावाकडे निघालो होतो. मांडीवर तिने तेलाचा डबा धरला होता. टाकीवर बाजाराची पिशवी होती. वाटेत मागचे चाक बसले. उतरून पाहतो तर बाभळीचा भला मोठा काटा!

फाट्यावर पंक्चरचे दुकान होते. तिथवर गाडी ढकलत न्यायला हवी होती. पण ऊन मी म्हणत होते. आम्ही कारभारणीला उतरवले, आणि बसल्या चाकावरच दीड किलोमीटर गाडी दामटली. ही आमची पहिली चूक.

दुकानातल्या पोराने चाक काढले, ट्यूबला ठिगळ लावले, चाक बसवले. आम्ही पैसे दिले आणि निघालो. अर्धा किलोमीटर गेलो नाही तोच मागून आवाज आला.

"अवो, गाडी अशी का नाचतीया? मागलं चाक कुणी हलवतंय जणू."

आम्ही म्हणालो, "रस्ता खराब आहे."

रस्ता नवा डांबरी होता. हे तिलाही दिसत होते. खरे तर हॅन्डल एका अंगाला ओढत होते, वळणावर गाडीचे शेपूट मागे राहत होते, आणि आमच्याही मनात धाकधूक होती. मागच्या चाकाचा दोष मागे बसणाऱ्याला आधी कळतो, कारण तो चाकाच्या वरच बसलेला असतो. तेव्हा कारभारीण काही म्हणाली तर तिला रस्त्याचे कारण सांगू नये. ही आमची दुसरी चूक.

घरी आल्यावर चार माणसे जमली. एक म्हणाले, "टायर गेला, नवा टाका." दुसऱ्याने शॉकअबचे नाव घेतले. तिसरे म्हणाले, "पाटील, गाडी इकून टाका!" सगळे हसले. पण गाडीची परीक्षा कुणीच केली नव्हती.

आता मंडळी, अशा वेळी डोके कसे चालवावे ते पाहू. सकाळी गाडी नीट होती. दुपारी बिघडली. मधे काय काय घडले? काटा शिरला. बसल्या चाकावर गाडी चालली. चाक काढले. चाक पुन्हा बसवले. दोष असला तर बहुतेक इथेच कुठेतरी असणार. ज्या भागाला कुणी हात लावला नाही, त्याच्यावर आधी पैसा घालू नये. आणि ज्याला काही खर्च नाही ते आधी तपासावे.

सर्वांत आधी हवा. गाडीचे ओझे टायरचे रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवेचा टायर जॉन बॉयड डनलॉप या गृहस्थाने बेलफास्ट शहरात आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला, आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. म्हणजे या साऱ्या खटाटोपाला सुरुवात एका पोराच्या हट्टापासून झाली म्हणा ना! हवा कमी असली की टायर दोन्ही बाजूंना लवतो. मग गाडी वळणावर लहरते आणि जड चालते. शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांना पुढे पंचवीस पौंडांच्या आसपास हवा लागते. मागे त्याहून जास्त लागते, आणि दोघे बसणार असतील तर आणखी जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पुष्कळ गाड्यांवर तशी चिठ्ठीही चिकटवलेली असते. हवा मोजायची ती चाक थंड असताना. गाडी पळून आली की आतली हवा तापते आणि काटा जास्त आकडा दाखवतो. अंगठ्याने टायर दाबून "ठीक आहे" म्हणणे खरे नव्हे. आम्ही तेच केले होते. काट्याने मोजली तेव्हा मागच्या चाकात अठरा पौंड निघाले!

हवा भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावी. कमी झाली असेल तर वॉलवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. तिथे नसले तर ट्यूब पाण्यात बुडवावी. काटा टायरमध्येच राहिला असेल तर तो नवे भोक पाडतो. टायर चढवताना लोखंडी पट्टीत ट्यूब चिमटली तरी भोक पडते. आमच्या चाकाची हवा मात्र टिकली.

हवा भरल्यावर गाडी पुष्कळ सुधारली, पण बरी झाली नाही. शेपूट हलायचे थांबले, हॅन्डलची ओढ राहिली. पुष्कळ लोक इथेच थांबतात. "आता चालतंय की" म्हणतात. आम्हीही थांबणार होतो. पण कारभारीण म्हणाली, "माझ्या भावाकडं जायचंय, पोराला घेऊन. गाडी पुरती बघा, मगच मी बसते."

मग गाडी डबल स्टँडवर घेतली. इंजिन बंद केले, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला. ही गोष्ट विसरू नये. इंजिन चालू ठेवून मागचे चाक फिरवणाऱ्यांची बोटे चेनमध्ये जातात. चाक हाताने हळू फिरवावे, आणि फिरत असताना चेनजवळ बोट नेऊ नये.

टायरच्या दोन्ही अंगांना, रिमच्या जरा वर, एक बारीक रेघ गोल फिरलेली असते. ती रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती रिमच्या आत बुडाली असेल, तर टायरची कड तिथे नीट बसलेली नाही. असे चाक दर फेऱ्याला एक उडी मारते. हवा काढून कडेला साबणाचे पाणी लावावे आणि पुन्हा हवा भरावी, म्हणजे कड जागेवर सरकते. टायरला कुठे फुगवटा दिसला तर मात्र तडजोड नाही. बसल्या चाकावर गाडी चालवली की टायरच्या आतले दोरे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडतात. तो टायर केव्हा फुटेल याचा नेम नाही. अशा वेळी नव्या टायरचा खर्च करावाच. रिम वाकली आहे का ते पाहायला चिमट्याला टेकवून एक काडी रिमजवळ धरावी आणि चाक फिरवावे. रिम काडीजवळ येऊन पुन्हा लांब जात असेल तर ती डुलते आहे. तारा ढिल्या असल्या तरी असेच होते. आमची रिम वाचली, टायरही वाचला. नशीब म्हणायचे, अक्कल नव्हे.

आता चाक सरळ बसले आहे का हे पाहायचे. मागचे चाक ज्या चिमट्यात बसते, त्याच्या दोन्ही टोकांना खुणांच्या रेघा असतात. चेन ताणायचे बोल्ट तिथेच असतात. डाव्या बाजूला एक्सल ज्या रेघेवर असेल, उजव्या बाजूलाही त्याच रेघेवर हवा. आमच्याकडे एका बाजूला तिसरी रेघ आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ पाचवी! चाक तिरके बसले होते. पुढचे चाक एका वाटेने जाणार आणि मागचे दुसऱ्या वाटेने. औताला एक बैल पुढे आणि एक मागे जुंपला तर तास सरळ कसे पडेल?

रेघा गंजून दिसेनाशा झाल्या असतील तर दोरीने पाहता येते. लांब दोरीचा मध्य मागच्या चाकाच्या पाठीमागून घालावा. दोन्ही टोके पुढे आणून, मागच्या टायरच्या दोन्ही अंगांना टेकवून, पुढच्या चाकापर्यंत ताणावीत. दोरीला मधे काही अडत नाही ना ते पाहावे, आणि पुढचे चाक सरळ धरावे. पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सारखी फट राहिली तर चाके एका रेषेत आहेत.

रेघा पाहण्यासाठी आम्ही जमिनीवर आडवे झालो होतो. तेव्हा दुसरीच गोष्ट दिसली, आणि अंगावर काटा आला.

मागच्या चाकाला ड्रमचा ब्रेक असला तर त्याच्या झाकणाला एक लोखंडी पट्टी जोडलेली असते. तिचे दुसरे टोक चिमट्याला असते. ब्रेक दाबला की फिरता ड्रम झाकणालाही आपल्याबरोबर ओढू पाहतो. ती पट्टी झाकणाला धरून ठेवते. पुष्कळ गाड्यांत चाक काढताना ही पट्टी सोडावी लागते. आमच्या पट्टीचा नट दोन आट्यांवर लोंबकळत होता, आणि तो पडू नये म्हणून घालायची पिन घातलीच नव्हती. नट पडला असता, बोल्ट निसटला असता, आणि नेमका तेव्हा आम्ही ब्रेक दाबला असता, तर झाकण चाकाबरोबर फिरून ब्रेकची सळई ओढत गेले असते. चाक जागच्या जागी जाम! मागे कारभारीण, तिच्या मांडीवर तेलाचा डबा. गाडी एका अंगाला ओढत होती म्हणून आम्ही खाली वाकलो, नाहीतर हे दिसलेच नसते.

मग सगळे पुन्हा केले. एक्सलचा नट ढिला केला, दोन्ही रेघा जुळवल्या. चेन हाताने खालीवर हलवून तिचा ढिलेपणा साधारण एक इंच ठेवला. एक्सलचा नट पान्ह्याने पक्का केला. पट्टीचा नट आवळून नवी पिन घातली आणि तिचे पाय वाकवले. शेवटी ब्रेक दाबून पाहिला. खर्च काय, तर पिनचा!

एवढे करूनही एखादी गाडी डुगडुगत राहते. मग चाकाला वरून धरून आडवे हलवावे. नुसते चाक खडखडले तर बेरिंग झिजले असेल, किंवा चाकाच्या बाजूची कॉलर दुकानातच राहिली असेल. चाकाबरोबर चिमटाही हलला तर चिमट्याचे बुश गेले. पुढचे चाक अधांतरी करून, फोर्कचे पाय खालून धरून पुढेमागे हलवावे. टकटक लागली तर कोनसेट ढिला आहे. बुश आणि कोनसेट पंक्चरवाल्याने बिघडवलेले नसतात. ते आधीपासून झिजत आलेले असतात, आणि आपले लक्ष त्या दिवशी जाते. त्याच्याशी भांडायला जाण्याआधी एवढे पाहावे.

ज्यांच्या गाडीला ट्यूब नसलेले टायर आहेत त्यांचे काम सोपे आहे. तिथे चाक न काढता बाहेरूनच रबराची वात घालतात. चाक काढलेच नाही, तर ते तिरके बसण्याचा प्रश्न येत नाही. त्यांनी हवा, कड आणि रिम एवढेच आधी पाहावे.

पुढच्या बाजाराला आम्ही त्या दुकानात गेलो. पोराला म्हणालो, "बाळा, नट ढिला राहिला होता, पिनही घातली नव्हतीस." ते ओशाळले. म्हणाले, "काका, त्या दिवशी गिऱ्हाईक लई होतं. ध्यानात नाही राहिलं." तेवढ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांची गाडी आली. पोराने त्यांचे चाक काढले, आणि काढलेले नट, पिन, कॉलर सगळे एका ताटलीत मांडून ठेवले. चाक बसवून झाल्यावर ताटली रिकामी झाली की नाही ते आमच्याकडे वळून दाखवले. कारभारीणही वाकून बघत होती. मग ती म्हणाली, "चला आता, बसते."