ब्रेक कागदावर नको गं

अभिनंदन, सुपरवायझरबाई! रोटा आता तुझ्या हातात, म्हणजे बोलणीही तुलाच खावी लागणार. केअर होमच्या पाळ्या लावण्यात माझी हाडं झिजलीत, म्हणून आधीच कानात सांगून ठेवते.

तुमच्या त्या अ‍ॅपवर भिस्त ठेवू नकोस. क्लॉक-इन, क्लॉक-आउट केलं की ते मधली ३० मिनिटं परस्पर वजा करतं. ब्रेक खरंच झाला की नाही, त्याला काय ठाऊक? कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी पडल्या, पोरगी अर्धं सँडविच टाकून धावली, पुन्हा बसलीच नाही. तरी स्क्रीनवर ब्रेक झालेलाच. वर तेवढे पैसेही कापलेले. अशा तक्त्यावर डोळे मिटून सही करू नकोस.

ब्रिटनचा नियम १९९८ पासूनचा आहे. सहा तासांहून जास्त काम असेल तर सलग २० मिनिटांची विश्रांती, तीही कामाच्या जागेवरून उठून घेण्याचा हक्क. कॉल-बेलकडे कान ठेवून घोटभर चहा घेतला, त्याला ब्रेक म्हणत नाहीत. त्या वेळेचे पैसे द्यायचे की नाही, ते मात्र करारावर.

‘कुणी मागितलाच नाही’ असं मॅनेजर म्हणेल. २०१६ मध्ये लंडनच्या एका बसकंपनीच्या खटल्यात एम्प्लॉयमेंट अपील ट्रायब्यूनलने हे धुडकावलं. मागणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. ब्रेक घेता येईल अशी कामाची मांडणी मालकानेच करायची. आणि आपल्याकडून आलेली पोरगी, जिचा व्हिसाच मालकाच्या स्पॉन्सरशिपवर, ती कशाला तोंड उघडेल? म्हणून रोट्यात नुसतं ‘ब्रेक १.३०’ लिहून भागत नाही. तेवढा वेळ तिचा मजला कोण सांभाळणार, त्याचं नाव शेजारी लिही. आजींसाठी उठावंच लागलं तर ब्रेक पुन्हा पहिल्यापासून दे, आणि खरी वेळ पेनाने टाक.

दोन ड्यूट्यांमध्ये ११ तास हवेत, हे तर सगळेच विसरतात. लेट पाळी रात्री १० ला सुटते, दुसऱ्या दिवशीची अर्ली सकाळी ७ ला सुरू. झाले नऊच तास! त्यात हँडओव्हर लांबला की आणखी कमी. केअर होमला यात सवलत आहे, पण बुडालेली विश्रांती नंतर भरून द्यावी लागते. कधी दिली, ती तारीख लिहून ठेव. नाहीतर ‘देऊ पुढच्या आठवड्यात’ म्हणत ती विरून जाते.

ऑप्ट-आउटच्या कागदालाही भुलू नकोस. त्यावर सही केली की आठवड्याच्या सरासरी ४८ तासांची मर्यादा सुटते, बस्स. ब्रेक आणि ११ तास त्याने माफ होत नाहीत. हे मॅनेजरांनाही समजावून सांगावं लागतं, कंटाळा येतो गं!

४८ तासांच्या आणि रात्रपाळीच्या मर्यादा पाळल्याच्या नोंदी २ वर्षं जपाव्या लागतात. ब्रेकचं रजिस्टर ठेवा असं कायदा म्हणत नाही, तरी तू ठेव. उद्या कुणी तक्रार केलीच, तर दाखवायला हाताशी काहीतरी हवं.

आणि हो, कोण दुसरीकडे एजन्सीच्या शिफ्ट करतंय तेही काढून घे. तेही तास ४८ मध्ये धरले जातात. पण ऑफिसात बोलावून विचारू नकोस, चौकशी वाटली की सगळ्या गप्प बसतात. चहाला बस त्यांच्यासोबत, आपसूक बोलतील. पहिला रोटा झाला की मला पाठव, लेटनंतरच्या अर्ली आधी बघते.