सिरपूर तलावाचा पाठ

निसर्गाचे शिक्षण म्हणजे काय, असा प्रश्न केला असता बहुतेक पालक शास्त्राच्या पाठ्यपुस्तकाकडे बोट दाखवितात. पुस्तक आवश्यकच आहे. परंतु आपल्या गावाचे पाणी कोठून येते, कोठे साठते आणि त्यावर कोण कोण जगते, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसते. ते गावातच फिरून शिकावे लागते. आपणा इंदूरकरांस त्यासाठी दूर जावयास नको. शहराच्या पश्चिमेस, धारच्या रस्त्यालगत सिरपूरचा तलाव आहे. त्याच्या आधारे व्याख्यान व निसर्गभ्रमण यांची सांगड कशी घालता येईल, याचा विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम थोडा इतिहास. विसाव्या शतकाच्या आरंभी होळकर संस्थानाने हा तलाव बांधला. पुढे गंभीर नदी अडवून यशवंतसागर झाला. सन १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी इंदुरास आले, आणि घरचा नळ वाहू लागताच गावाने तलावांकडे पाठ फिरविली. जे पाणी आपण पीत नाही त्याची काळजी आपण करीत नाही, हा मनुष्यस्वभावच होय. सिरपूरच्या काठावर अतिक्रमणे झाली, सांडपाणी येऊन मिळू लागले. तरीही तलाव टिकला, याचे मोठे श्रेय काही निसर्गप्रेमी नागरिकांच्या चिकाटीस आहे. त्यांचे अग्रणी, चित्रकार व छायाचित्रकार श्री. भालू मोंढे यांस सन २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. सन २०२२ मध्ये सिरपूर व यशवंतसागर ही दोन्ही स्थळे रामसर यादीत आली. इराणातील रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याची ही यादी होय. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर या शहरांस ‘पाणथळ शहर’ अशी मान्यता मिळाली. भारतात ती प्रथमच मिळाली.

परंतु मानपत्राने पाणी स्वच्छ राहत नाही. म्हणून व्याख्यानाचा पहिला विषय ‘तलाव मरतो कसा?’ हा असावा. व्याख्यान वीस मिनिटांचे आणि एकाच प्रश्नाचे असावे. फळ्यावर चार पायऱ्या लिहाव्यात. सांडपाण्याबरोबर नत्र व स्फुरद ही द्रव्ये येतात. शेतात ती खत म्हणून पिकास उपयोगी पडतात. तलावात त्याच खतावर शेवाळ व जलपर्णी माजतात. त्यांच्या आच्छादनाने खालच्या पाण्यास ऊन मिळत नाही. शेवटी ही झाडी कुजू लागली, की कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि मासे मरतात. मासे गेले की त्यांवर जगणारे पाणकावळे व बगळेही जातात. एवढे समजलेल्या मुलास ‘तलाव घाण करू नका’ असा उपदेश निराळा करावा लागत नाही.

व्याख्यानानंतर आठ दिवसांच्या आत भ्रमण व्हावे. त्याहून उशीर झाला तर ऐकलेले विरून जाते. वेळ सूर्योदयाची. पहाटेच्या नमाजास किंवा काकडआरतीस उठणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांस हे कठीण नाही. एका मार्गदर्शकामागे पंधरांहून अधिक मंडळी नसावीत. सूर्य पाठीशी ठेवावा, म्हणजे पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. घरट्याजवळ जाऊ नये, शिट्टी वाजवू नये. प्रत्येक मुलाजवळ वही व पेन्सिल असावी, आणि नाव विचारण्यापूर्वी त्याने तीन गोष्टी टिपाव्यात : पक्षी कोठे आहे, काय करीत आहे, चोच कशी आहे. थापट्या बदकाची चोच पळीसारखी पसरट असते, म्हणून तो पाणी गाळून खातो. शेकाट्याचे पाय काटकीसारखे लांब असतात, म्हणून तो उथळ पाण्यात चालतो. लालसरी बुडी मारते. एकाच तलावात प्रत्येकाची खोली आणि भाकरी निराळी आहे, हे मुलास स्वतःच्या टिपणावरून कळले पाहिजे. मग काठ बुजवून तलाव नुसता खोल केला तर कोणाची भाकरी जाईल, हेही ते आपणहून सांगेल.

नावांविषयी एक आग्रह आहे. आमच्या वर्गातील मुले पक्ष्यांची नावे इंग्रजीत सांगतात. आजीस मात्र टिटवी, खंड्या, टिबुकली ठाऊक असते. तेव्हा भ्रमणास आजी-आजोबांस अवश्य न्यावे. काठावरच्या कोळी बांधवांसही विचारावे. पाणी कोणत्या महिन्यात कोठवर येते, हे त्यांच्याइतके कोण सांगणार? डॉ. सालीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक सन १९४१ मध्ये निघाले, आणि त्याने अनेकांस पक्षी पाहावयास शिकविले. मराठीत तेच कार्य मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’ने केले. जून २०२५ मध्ये ते निवर्तले. त्यांनी जमविलेली नावे आपण बोललो नाही, तर ती कोशातच राहतील.

आता थोडा नाजूक विषय. माशांस कणकेच्या गोळ्या व पक्ष्यांस शेव-पाव घालणे हे आपण पुण्यकर्म समजतो. त्यामागील दयाबुद्धी आम्हांस वंदनीय आहे. परंतु उरलेली कणीक पाण्यात कुजते आणि वर सांगितलेला प्राणवायूच खाते. आणि शेव-पाव हे पक्ष्यांचे अन्न नव्हे. ज्याच्यावर दया करावयाची त्याची गरज जाणून घेणे, हा दानाचा पहिला नियम होय. आपल्या न्यासाने पन्नास वह्या देताना विद्यार्थ्यांची यत्ता विचारावी, तसेच हे आहे. तलावास कणीक नको; काठावरचे प्लॅस्टिक व पतंगाचा मांजा उचलणारे हात हवेत. मांज्यात पाय अडकलेला बगळा सुटत नाही.

शेवटी एक सूचना. एकदाच केलेले भ्रमण ही सहल होय. तेच स्थळ पुन्हा पाहणे हा अभ्यास होय. न्यासाने वर्षातून चार वेळा, श्रावणात, कार्तिकात, पौषात व वैशाखात, त्याच काठावर तीच मुले न्यावीत. श्रावणात ओढे कोठून तलावात शिरतात ते दिसेल. कार्तिकात हिवाळी पाहुणे येऊ लागलेले दिसतील. पौषाच्या सुमारास, जानेवारीत, आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, तीत मोठ्या मुलांनी साहाय्य करावे. वैशाखात आटलेला तळ पाहावा आणि गाळ किती साचला ते काठी रोवून मोजावे. चार वह्या एकत्र ठेवल्या की वर्षाचा ताळेबंद तयार होईल. आपल्या अहवालात जमाखर्च छापतोच. त्याच्या पुढील पानावर मुलांनी केलेला तलावाचा हिशेबही छापला जावा, अशी आमची न्यासाच्या कार्यकारी मंडळास विनंती आहे.