इबोलात मृतदेह जाळले, ते बरोबर होतं का?

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत लायबेरिया सरकारने सक्तीने मृतदेह जाळले आणि लोकांनी विरोध केला, असं वाचलं. जीव वाचवायचे तर भावना बाजूला ठेवायला नकोत का?

उत्तर : आपल्यातल्या बहुसंख्यांच्या अंगवळणी दहनच पडलेलं, त्यामुळे हा विरोध चटकन उमगत नाही. लायबेरियात ख्रिस्ती काय, मुसलमान काय, मृतांना पुरतात. मार्चच्या दुसऱ्या बुधवारी देशभर सुट्टी असते, ती आपल्या माणसांच्या कबरी झाडून सजवण्यासाठी. ज्यांच्याकडे कबरच नाही त्यांनी त्या दिवशी जायचं कुठे?

सरकारची अडचणही खरी होती. इबोलाने माणूस दगावतो तेव्हा त्याच्या शरीरात विषाणू पराकोटीला पोचलेला असतो आणि नेमकं तेव्हाच घरचे त्याला हातांनी न्हाऊ घालतात. २०१४ च्या पावसाळ्यात राजधानी मन्रोव्हियात पुरायला जागा मिळेना. जमीन पाण्याने भरलेली, आसपासच्या वस्त्या विरोधात. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष एलन जॉन्सन सरलीफ यांच्या सरकारने राजधानीच्या परिसरात दहनाचा हुकूम काढला. त्यासाठी जी दाहिनी वापरली, ती तिथल्या भारतीयांनी स्वतःसाठी बांधलेली होती.

विषाणूपुरतं पाहिलं तर हुकूम बरोबरच होता. घरोघरी मात्र त्याचा अर्थ असा लागला, की आजाऱ्याला उपचार केंद्रात पाठवलं तर माणूसही जाईल आणि त्याची कबरही. मग आजारी माणसं लपवली जाऊ लागली, मृतांना गुपचूप पुरलं जाऊ लागलं. अशा दफनात न्हाऊ घालणं कोण रोखणार? म्हणून भावना बाजूला ठेवा, हे मला माणुसकीच्या दृष्टीनेच नव्हे, रोगनियंत्रणाच्या दृष्टीनेही चुकीचं वाटतं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुस्लिम आणि ख्रिस्ती संस्थांना बरोबर घेऊन दफनाची नवी पद्धत आखली. कुटुंबाचा होकार मिळाल्याशिवाय दफन सुरू करायचं नाही. मुस्लिम मृताला पाण्याऐवजी कोरडी शुद्धी द्यायची, तीही संरक्षक पोशाखातल्या पथकाने. प्रार्थना घरच्यांनी सुरक्षित अंतरावरून करायची. बंदी उरली ती फक्त स्पर्शावर, आणि ती आवश्यकच होती. डिसेंबरअखेर मन्रोव्हियाबाहेर डिस्को हिल इथे दफनभूमी सुरू झाली आणि दहनाची सक्ती संपली.

एवढा ताजा अनुभव हाताशी असताना कोविडमध्ये पुन्हा तेच व्हावं, याचा मला राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेची दफनाला हरकत नव्हती. तरीही ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने धर्म कोणताही असो, दहनच करा, असं परिपत्रक काढलं. ते त्याच दिवशी मागे घेतलं गेलं, हे बरं झालं. श्रीलंकेत मात्र मुसलमानांच्या मृतदेहांवर ही सक्ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत चालू राहिली.