आधी फाइल, मग फी

पोरी, काल रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. "दादा, हिला पायलट व्हायचंय. पण लहानपणीची ती आकडी... फॉर्मवर लिहायची का?" एवढं विचारून ती गप्पच झाली. मी म्हटलं, "लिहायची." एकतीस वर्षं प्रवासी विमानं चालवली, दरवर्षी आणि उतारवयात दर सहा महिन्यांनी मेडिकलला उभा राहिलो, त्यामुळे एवढं उत्तर द्यायला मला विचार करावा लागला नाही. पण ती कशी लिहायची, हे फोनवर सांगून होणारं नाही. म्हणून सावकाश लिहितोय.

त्या आकडीचं नेमकं नाव शोध

आकडी, फिट, झटका, 'ताप डोक्यात गेला' ही सगळी घरातली नावं. मेडिकल बोर्डाला त्यांतून काहीच कळत नाही. तुझं नक्की काय झालं होतं ते मी सांगतो, कारण त्या रात्री मी तुमच्याच घरी होतो. तू चौदा महिन्यांची होतीस. तापाने फणफणली होतीस. एकाएकी अंग ताठ झालं, डोळे वर गेले, दोन्ही हात आणि दोन्ही पाय उडायला लागले. आजी कांदा फोडायला धावली. बाबा तुझ्या तोंडात चमचा घालायला निघाले, त्यांचा हात मी धरला. तुला कुशीवर वळवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. दवाखान्यात पोचेपर्यंत तू आईला ओळखून रडत होतीस. पुन्हा असं एकदाच झालं, तू तीन वर्षांची असताना, तेव्हाही तापातच. त्यानंतर कधीच नाही.

याला तापातली साधी आकडी म्हणतात. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ती शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते. पंधरा मिनिटांच्या आत थांबणारी, सगळ्या अंगाला येणारी आणि चोवीस तासांत पुन्हा न येणारी असेल तर ती साधी. अशा मुलांपैकी पुढे अपस्मार होतो तो शंभरात एखाद-दुसऱ्यालाच.

ताप नसताना आलेली आकडी वेगळी. शाळकरी वयात झोपेत तोंडाची एक बाजू उडते, लाळ गळते, तो रोलँडिक प्रकार आणखी वेगळा. तो बहुधा सोळाव्या वर्षापर्यंत आपोआप थांबतो. वयात आल्यावर चालूच राहिलेला अपस्मार मात्र निराळा, आणि तो असणाऱ्याला वैमानिकाच्या खुर्चीचं दार जवळपास बंद असतं. म्हणून 'लहानपणी फिट यायची' एवढंच लिहिलंस, तर वाचणारा त्यातला सगळ्यात वाईट अर्थ घेईल. घेणारच, त्याचं कामच ते आहे.

नियमावर रागावू नकोस

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत अपस्माराचा इतिहास असलेल्याला अपात्र धरतात. कारण न कळलेली बेशुद्धीही चालत नाही. आपला डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) याच चौकटीत काम करतो. युरोपात पाच वर्षांच्या वयानंतर आकडी आली असेल तर सहसा अपात्र ठरवतात. रोलँडिकसारखा सौम्य प्रकार निर्विवाद सिद्ध झाला, तरी औषधाशिवाय आणि आकडीशिवाय किमान दहा वर्षं गेलेली असावी लागतात.

यामागचा हिशेब समजून घे. दोन वैमानिकांच्या विमानात कुणा एकाला वर्षभरात अचानक काही होण्याचा धोका शंभरात एकाहून जास्त नसावा, असा दंडक अनेक देश वापरतात. उतरताना शेवटच्या पाचशे फुटांवर शेजारचा माणूस ताठ होऊन कंट्रोलवर कोसळला, तर दुसऱ्याच्या हातात काही सेकंदच उरतात. मागे बसलेल्या दीडशे माणसांनी आपल्याला नाव-गाव न विचारता जीव सोपवलेला असतो. बोर्ड तुला अडवायला बसलेलं नसतं, त्यांच्या वतीने प्रश्न विचारायला बसलेलं असतं.

लपवायची सवय घरातच सोड

आपल्याकडे आकडी लपवतात ती लग्नाच्या भीतीने. हिंदू विवाह कायद्यातसुद्धा वारंवार येणारा अपस्मार ही लग्नाच्या आड येणारी बाब होती, ती १९९९ साली काढली. कायद्यातून गेली, पण घरांतून अजून गेलेली नाही. तुझ्या आईचा आवाज काल खाली गेला तो त्यामुळेच. तिचा राग धरू नकोस. पण मेडिकलच्या फॉर्मवर 'फिट किंवा बेशुद्धी कधी आली होती का' या रकान्यासमोर 'नाही' लिहू नकोस.

माझ्याबरोबरच्या एका मुलाने तसं लिहिलं होतं. पुढे दुसऱ्याच कारणासाठी त्याचे जुने कागद मागवले आणि त्यांत लहानपणीची आकडी निघाली. ती आकडी कदाचित माफ झाली असती. खोटी सही माफ झाली नाही. कॉलेजात इंजेक्शन घेताना तुला चक्कर आली होती ना, तीही लिही. उभी होतीस की बसलेली, काही खाल्लं होतंस का, किती वेळात सावध झालीस, सगळं.

आता फाइल कर

आईच्या कपाटात तुझे जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं पुस्तक असेल. पिवळे पडलेले असले तरी मूळ कागद जप, झेरॉक्स वेगळ्या ठेव. ज्या बालरोगतज्ज्ञांनी पाहिलं होतं, ते अजून बसत असतील तर त्यांच्याकडून तपशिलाचं पत्र घे. मग न्यूरोलॉजिस्टकडे जा. 'मुलगी निरोगी आहे' असं एक ओळीचं सर्टिफिकेट कामाचं नाही. पहिली आणि शेवटची आकडी कोणत्या वयात, ताप होता का, किती मिनिटं, एका बाजूला की सगळ्या अंगाला, कोणतं औषध दिलं आणि कधी बंद केलं, घरात कुणाला अपस्मार आहे का, आजची तपासणी काय सांगते, एवढं त्यात हवं.

ईईजी (मेंदूचा आलेख) स्वतःच्या मनाने कुठल्याही लॅबमध्ये करून घेऊ नकोस. धडधाकट माणसाच्या आलेखातही कधी कधी भलतीच रेघ उमटते आणि मग ती निस्तरत बसावं लागतं. न्यूरोलॉजिस्टने किंवा बोर्डाने सांगितली तर कर. आदल्या दिवशी केस धू, तेल लावू नकोस, झोपेबद्दल सांगतील ते तंतोतंत पाळ. डोक्याला चिकट पेस्टने तारा लावतात, तीन-एक मिनिटं जोरजोराने श्वास घ्यायला लावतात, मिटलेल्या डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात. आकडीची प्रवृत्ती असेल तर दमवणारा श्वास, लुकलुकता उजेड आणि अपुरी झोप यांनी ती वर येते. रात्रीची ड्युटी आणि फिरत्या पंख्याआडून डोळ्यांवर येणारं ऊन हे आमच्या कामात असतंच. तेव्हा ती तपासणी मन लावून दे.

आणि हे वाचणारं दुसरं कुणी अजून आकडीच्या गोळ्या घेत असेल, तर मेडिकलसाठी त्या स्वतःहून बंद करू नयेत. त्यात जीव जाऊ शकतो.

फी सगळ्यात शेवटी

आधी क्लास टू मेडिकल, मग क्लास वन. कमर्शिअल लायसन्सला क्लास वन लागतंच, आणि त्यासाठी हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात किंवा डीजीसीएने नेमलेल्या ठिकाणी जावं लागतं. ते हातात येईपर्यंत कोणत्याही फ्लाइंग स्कूलला ॲडव्हान्स देऊ नका. दोनशे तासांच्या उड्डाणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा वरच जातो. तुमच्या सोसायटीतला फ्लॅट गहाण पडेल. परदेशात शिकायचा विचार असला तरी क्रम हाच. तिथलं मेडिकल पास झालं, तरी इथलं लायसन्स करून घेताना डीजीसीएचं क्लास वन लागतंच.

'अनफिट' आलं तर कारण लेखी वाच. तात्पुरतं आहे की कायमचं, ते पाहा. फेरतपासणीची वाट असते, आणि तिथे बाजू मांडतो तो न्यूरोलॉजिस्टचा तपशीलवार अहवालच. तरीही नकार आला, तर विमानांची देखभाल, अभियांत्रिकी, उड्डाणांचं नियोजन ही कामं आहेत. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) मात्र आपोआप पर्याय धरू नकोस. तिथेही वैद्यकीय परीक्षा आहे आणि आकडीचा प्रश्न तिथेही विचारतात.

तुझ्या दोन्ही आकड्या पाच वर्षांच्या आतल्या, तापातल्या, थोडक्या वेळाच्या. मी बोर्ड नाही, शब्द देऊ शकत नाही. पण दडवावं असं त्यात काही नाही, हे ठामपणे सांगतो.

सोबत एक कागद जोडतोय. तू चौदा महिन्यांची असताना त्या रात्री मी काय पाहिलं, घड्याळात किती मिनिटं मोजली, दोन्ही बाजू कशा उडत होत्या, सगळं लिहून खाली सही केली आहे. न्यूरोलॉजिस्टकडे जाशील तेव्हा तो फाइलमध्ये सगळ्यात वर लाव. डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर मी स्वतः येईन.

तुझा मामा