गुडघ्याच्या लवणीतला फुगा आतून कसा बंद करतात

गुडघ्याच्या मागे, लवणीत, धमनीचे ठोके बोटांना सहसा जेमतेम लागतात. ते रुंद, जोरकस आणि सहज हाताला लागत असतील तर डॉपलर सोनोग्राफी करून घ्यायलाच हवी. पायाच्या धमन्यांत होणारे फुगे, म्हणजे एन्युरिझम, सर्वाधिक इथेच सापडतात, आणि तेही मुख्यतः उतारवयातल्या पुरुषांत. हा फुगा क्वचितच फुटतो. खरी भीती आतल्या गुठळीची असते. ती सुटून पोटरीत, पावलात जाऊन अडकते किंवा धमनीच एकाएकी बंद होते, आणि मग पाय वाचवण्याची धावपळ सुरू होते. तेव्हा ‘दुखत तर नाही’ म्हणून थांबू नये.

एकाच पायाची सोनोग्राफी करून घरी येऊ नका. जवळपास निम्म्या रुग्णांत दुसऱ्या गुडघ्यामागेही फुगा असतो, आणि बऱ्याच जणांच्या पोटातल्या महाधमनीतही. दोन्ही पाय आणि पोट तपासून घ्या.

इथली निरोगी धमनी साधारण ५ ते ९ मिमी रुंद असते. फुगा २० मिमीपर्यंत पोहोचला की सहसा इलाजाचा निर्णय होतो. आत गुठळी असेल किंवा पावलाकडे जाणाऱ्या धमन्या बंद पडू लागल्या असतील, तर त्याआधीही.

पुढची पायरी सीटी अँजिओग्राफी, पोटापासून पावलापर्यंत. माझ्या मते अर्धी शस्त्रक्रिया इथेच होते. फुग्याच्या वर आणि खाली किमान २ सेंमी निरोगी धमनी लागते, कारण फुगा रक्तप्रवाहातून वगळण्यासाठी धमनीत बसवायची नळी तिथेच पकड घेणार असते. दोन्ही टोकांची रुंदी मोजून नळी धमनीपेक्षा साधारण १० ते १५ टक्के मोठी निवडतात. लहान पडली तर बाजूने रक्त झिरपतं, फार मोठी झाली तर आत चुण्या पडतात आणि चुण्यांत गुठळी धरते. पोटरीतल्या तीन धमन्यांपैकी किमान एक तरी पावलापर्यंत मोकळी हवी. खाली वाटच नसेल तर वरची नळी टिकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, ज्याचं उत्तर बरेच रुग्ण सांगायचं विसरतात: तुम्ही बसता कसे? शेतात उकिडवं बसून खुरपणी, देशी संडास, जमिनीवर मांडी घालून जेवण, नमाज, या सगळ्यांत गुडघा पूर्ण दुमडतो आणि त्याबरोबर धमनीही. ही नळी म्हणजे नायटिनॉलच्या लवचिक जाळीवर कृत्रिम कापडाचं अस्तर. ती वाकते, पण रोज पूर्ण दुमडणं तिला सोसत नाही. जाळीची तार तुटू शकते. माणूस धडधाकट असेल, रोजचं काम बसून करायचं असेल आणि पायातली शीर चांगली असेल, तर त्याच शिरेचा बायपास करून घ्यावा असं मला ठामपणे वाटतं. जखम मोठी, पण टिकाऊपणात त्याची बाजू वरचढ. हृदय, फुप्फुस थकलेल्या वृद्धाला मात्र आतून केलेला इलाज मोठाच आधार.

निर्णय झाला की क्रिएटिनिन तपासतात, कारण धमन्या दिसाव्यात म्हणून सोडतात त्या डायचा भार मूत्रपिंडावर पडतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर मधुमेहाची मेटफॉर्मिन काही दिवस थांबवतात. डायची अॅलर्जी आधी कधी आली असेल तर न विचारता सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कॅथ लॅबमध्ये बहुतेकदा फक्त जांघ बधिर करतात. सोनोग्राफीत पाहत धमनीत सुई, सुईतून वायर, वायरवरून शीथ नावाची आखूड नळी. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिल्यानंतरच वायर फुग्यातून पलीकडे सरकवायची, तीही अगदी हलक्या हाताने, कारण भिंतीवरची गुठळी इथेच सुटू शकते. डाय सोडून नकाशा घेतात आणि मिटलेली नळी जागेवर आणून उघडतात. दोन नळ्या लागल्या तर खालची, अरुंद, आधी. वरची रुंद नळी तिच्या आत किमान २ सेंमी शिरवून उघडायची. मग नळीच्या आतच बलून फुगवून ती भिंतीला नीट चिकटवतात.

फुग्यातून फुटणाऱ्या बारीक फांद्या मात्र राहतात. १७८५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात जॉन हंटरने एका घोडागाडीवानाची मांडीतली धमनी अशाच फुग्यासाठी वरच बांधली, तेव्हा त्याचा पाय बाजूच्या फांद्यांच्या रक्तावरच वाचला. आजच्या इलाजात याच फांद्यांतून रक्त उलटं फुग्यात येऊ शकतं, म्हणून पुढे फुग्याचा आकार वाढत नाही ना, हे पाहावं लागतं.

शेवटचे फोटो दोनदा घ्यावेत: पाय सरळ असताना आणि गुडघा वाकवून. वाकवल्यावर नळीच्या टोकाशी धमनी मुडपत असेल तर ते टेबलावरच कळायला हवं. पावलापर्यंतचा प्रवाहही तिथेच पाहतात.

नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. पावलाचे ठोके परिचारिका वेळोवेळी पाहतात. गुंतागुंत नसेल तर बहुतेक जण दुसऱ्या दिवशी चालतात. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या गोळ्या ठरवून दिल्याप्रमाणे चुकवायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारून. तंबाखू, विडी कायमची बंद. घरी कमोड किंवा कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा आणि जेवण टेबलावर.

पाय अचानक गार, फिकट, बधिर झाला किंवा पोटरीत असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका, शेकू नका, चोळू नका. रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेलं रुग्णालय त्याच तासाला गाठा. वेळ तासांत मोजायचा असतो. एरवी पहिल्या वर्षात डॉपलर ३, ६ आणि १२ महिन्यांनी, पुढे दरवर्षी, आणि त्याच वेळी दुसऱ्या गुडघ्याचीही.