दात ‘वाढला’ की हिरडी सरकली?

थंड पाण्याचा घोट घेतला की दातातून कळ जाते. आरशात पाहिले तर एक दात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसतो. ‘वय झालं, आता असंच चालायचं,’ असे म्हणून आपण गप्प बसतो. खरे तर दात वाढलेला नसतो. त्यावरची हिरडी सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर इनॅमलचे कवच नसते, म्हणून तेथे थंड-गरम झोंबते आणि कीडही लवकर लागते.

हिरडी का सरकते? किटण साचून हिरड्या सुजतात आणि आतले हाड झिजते, हे एक मोठे कारण. कडक ब्रशने जोराने आडवे घासणे हे दुसरे. वेडेवाकडे दात आणि जन्मतः पातळ हिरडी हीही कारणे आहेत. आपल्या घरांतले एक कारण मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे, ते म्हणजे मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात स्वच्छ होतात या समजुतीने आपल्या आया-बहिणी ती दिवसातून अनेकदा लावतात. तिने हिरड्यांची हानी होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

सरकलेली हिरडी तेल चोळून किंवा मंजन लावून परत जागेवर येत नाही. पण म्हणून प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असेही नाही. आधी किटण काढून घ्यावे, मऊ ब्रश वापरावा, तंबाखू सोडावा. त्रास वाढत नसेल तर फ्लोराइडची पेस्ट आणि नियमित तपासणी एवढेही पुरते. हिरडी सरकतच असेल, कळ थांबत नसेल किंवा मुळाभोवती घट्ट हिरडीच उरली नसेल, तर हिरड्यांचे तज्ज्ञ ‘गम ग्राफ्ट’ म्हणजे हिरडीचे रोपण सुचवतात.

यात जागा बधिर करून टाळूच्या वरच्या थराखालची ऊतीची पातळ पट्टी काढतात, उघड्या मुळावर बसवतात आणि जवळची हिरडी तिच्यावर ओढून टाके घालतात. काम साधारण तास-दीड तासाचे असते. पहिले काही दिवस ही पट्टी खालच्या भागातून झिरपणाऱ्या द्रवावर जगते. मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. म्हणूनच ती जागची हलली तर रोपण फसते. ओठ ओढून पुन्हा पुन्हा पाहू नये, ते यासाठीच.

मूळ पूर्ण झाकले जाईल का, हे दोन दातांमधल्या हाडावर अवलंबून असते. ते शाबूत असेल तर पूर्ण झाकले जाण्याची आशा चांगली असते. ते बरेच झिजले असेल तर थोडाच भाग झाकला जातो, कधी काहीच नाही. तेव्हा ‘माझ्या बाबतीत किती झाकले जाईल?’ हे डॉक्टरांना आधीच विचारावे. खर्चही आधी विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही.

मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सांगावे. गोळी मनाने बंद करू नये. तंबाखू, बिडी-सिगारेट चालू असेल तर जखम उशिरा भरते आणि रोपण फसण्याची शक्यता वाढते.

नंतर काही दिवस मऊ भात, खिचडी, गार झालेली पेज घ्यावी. तिखट, गरम, कडक टाळावे. त्या जागी साधारण दोन आठवडे ब्रश लावू नये. डॉक्टरांनी दिलेल्या औषधी पाण्याने हळूच तोंड धुवावे. टाळूची जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. रक्त थांबत नसेल, सूज वाढत असेल किंवा ताप आला तर लगेच दाखवावे.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो.

रोपणानंतरही जुनी सवय राहिली तर नवी हिरडीही सरकेल. म्हणून सुरुवात आपण घरातूनच करू. उद्या सकाळी आईच्या हातातली मशेरीची डबी बाजूला ठेवू आणि तिला मऊ ब्रश आणून देऊ.