मल्लखांबातील प्रकार : नावे, उगम व क्रम

मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात आढळतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येस नवजीवन दिले.

यातील नावे कृतीचेच वर्णन करतात. पायांनी खांबास घातलेली मिठी ती ‘अढी’. नेढ्यातून दोरा जावा, तसे हात व खांब यांमधून शरीर निघते, तो ‘सुईदोरा’. वेढे घेत वर चढणे ती ‘वेल’.

सावनेर परिसरातील शाळेत हा व्यायाम शिकवावयाचा असल्यास प्रथम अढी पक्की करून घ्यावी. सुईदोरा व वेल त्यानंतर. अढी सुटल्यास मूल डोक्यावर पडते. म्हणून खाली मऊ माती असावी, शिक्षकाने जवळ उभे राहावे आणि स्नेहसंमेलनाच्या घाईत एकही पायरी गाळू नये.